पेट्रोल पेटवायला, रॉकेल चालवायला

आमच्या घराची एक भिंत आणि लग्नाच्या स्टेजची पाठ एकच होती. शहागडच्या अलीकडे हायवेला लागून शेठजींनी लॉन केलं, तेव्हा स्टेजच्या मागे सामानासाठी म्हणून दोन खोल्या काढल्या होत्या. एकीत सामान राहिलं, दुसरीत आम्ही. मंगलाष्टकं आम्हाला भिंतीतून ऐकू यायची, शब्द नाहीत, नुसता घुमारा. शेवटचं ‘सावधान’ झालं की बँड एकदम सुरू व्हायचा आणि आमच्या मांडणीवरची ताटं थरथरायची. माय म्हणायची, “लागलं बाई लग्न,” आणि पुन्हा भाकरी थापायला घ्यायची. मी त्याच भिंतीला टेकून बी.एस्सी.चा अभ्यास केला. सेंद्रिय रसायनाची कितीतरी समीकरणं मला आजही बँडसकट आठवतात. लग्न नसलं की हायवेवरचे ट्रक ऐकू यायचे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आचारी जाताना उरलेली येसर आमटी पातेलंभर देऊन जायचे. भाजलेल्या मसाल्याची ती दाट तांबडी आमटी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते असं आम्ही एकमेकांना सांगायचो. पहिल्या दिवशीची आम्ही क्वचितच चाखली होती. उरलेली बुंदी माय धुतलेल्या लुगड्यावर वाळवायची, आणि मी कॉलेजच्या डब्यात भाकरीबरोबर बुंदी न्यायचे. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुली विचारायच्या, “तुमच्याकडे रोज काय सण असतो का गं?” मी हसून वेळ मारून न्यायचे.

त्या काळी आमच्या भागात लॉन म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. गवत उगवतं ते जनावरांसाठी. माणसांनी बसावं म्हणून गवत लावायचं, त्याला गोदावरीचं पाणी पाजायचं आणि वाढलं की कापायचं, हे ऐकून लोक मुद्दाम बघायला यायचे. एक म्हातारे पाटील कुंपणाशी बराच वेळ उभे राहिले आणि शेठजींना म्हणाले, “शेठ, समदं बराबर हाये, पण म्हशी कुठंयत?” शेठजी पोट धरून हसले. ते मारवाडी, पण त्यांच्या घराण्याच्या कैक पिढ्या आमच्याच मातीत गेलेल्या. मराठी आमच्यासारखंच बोलायचे, फक्त खूश झाले की हिंदीत शिरायचे. आमच्याकडे लग्नात अक्षता म्हणून तांदूळ नाही, ज्वारी. हळदी-कुंकवात रंगवलेली ती ज्वारी वधू-वरांवर पडायची, गवतात मुरायची, आणि पुढच्या आठवड्यात हिरव्यागार लॉनमधून ज्वारीचे कोंब वर यायचे. माझे वडील सकाळी ते बघून म्हणायचे, “पैठणकरांचं लग्न उगवलं वाटतं.” जे लग्न उगवलं ते कापणं हे वडलांचं काम होतं.

वडलांना मी नाना म्हणायचे आणि सगळा परिसर त्यांना ‘इंजनवाले नाना’ म्हणायचा. लॉनवर येण्याआधी नानांचं सगळं आयुष्य नदीकाठी एका पाणी उपसायच्या इंजिनाबरोबर गेलं होतं. ते इंजिन त्यांचं स्वतःचं नव्हतं, पाचसात शेतकऱ्यांनी मिळून घेतलेलं होतं, पण चालवायचे नानाच. त्या इंजिनाला दोन टाक्या होत्या. छोटीत पेट्रोल, मोठीत रॉकेल. पेट्रोलवर सुरू करायचं, तापू द्यायचं, आणि आवाज एका विशिष्ट ठिकाणी आला की तोटी फिरवून रॉकेलवर घ्यायचं. लवकर फिरवली तर इंजिन खोकून बंद पडायचं, उशिरा फिरवली तर पेट्रोल वाया. तो क्षण आसपासच्या कुणालाच नानांसारखा साधायचा नाही. “पेट्रोल पेटवायला, रॉकेल चालवायला,” असं ते म्हणायचे. दुसऱ्या गावचे लोक बैलगाडी पाठवून त्यांना न्यायचे, आणि नाना गाडीत मांडी घालून असे बसायचे जसा वैद्य बसतो. मग विजेच्या मोटारी आल्या. बटण दाबायला कुणाला नाना लागत नव्हते. इंजिन बाभळीखाली पडलं आणि त्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. नाना मजुरीला जाऊ लागले, पण हाक मात्र तीच राहिली, आणि त्या हाकेला ओ देताना ते जरा ताठ व्हायचे. मी लहान होते तरी मला ते दिसायचं.

शेठजींनी मुंबईहून गवत कापायचं मशीन आणलं, तेव्हा त्यांना इंजिनाची माहिती असलेला माणूस हवा होता. कुणीतरी नानांचं नाव सांगितलं, आणि आम्हाला ती स्टेजमागची खोली मिळाली. मशीन लाल रंगाचं होतं, चार चाकांचं, मागे दांडा धरून ढकलत न्यायचं. वर पेट्रोलचं छोटं इंजिन, खाली झाकणात आडवं फिरणारं पातं. दोरी ओढली की सुरू व्हायचं. त्याच्याबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक शेठजींनी माझ्या हातात दिलं. “सुमनबेटा, हे तू वाच आणि नानांना समजावून सांग. घरात शिकलेलं माणूस असल्यावर मेकॅनिक कशाला?” तोपर्यंत मला कुणी ‘शिकलेलं माणूस’ म्हटलं नव्हतं. मी डिक्शनरी घेऊन बसले आणि एकेक पान नानांना वाचून दाखवलं. पात्याला हात लावायच्या आधी प्लगची वायर काढायची. कापून झालं की झाकणाच्या आत चिकटलेलं ओलं गवत खरवडायचं. मशीन कलंडवताना हवेच्या फिल्टरची बाजू वर ठेवायची, नाहीतर ऑईल तिकडे उतरतं. फिल्टरचा फोम साबणाच्या पाण्यात धुऊन, सुकवून, ऑईलचा हात लावून बसवायचा. पातं घासलं की मधल्या भोकातून खिळ्यावर टांगून बघायचं, एका बाजूला झुकलं तर ती बाजू जड.

नाना लक्ष देऊन ऐकायचे, आणि त्यातलं जवळजवळ सगळं त्यांनी काटेकोर पाळलं. गवत खरवडायला त्यांनी मोडकं खुरपं वेगळं काढून ठेवलं होतं. प्लग पॉलिश पेपरने घासून उन्हात धरून बघायचे. काही गोष्टी पुस्तकात नव्हत्या त्या त्यांनी स्वतः बसवल्या. लग्न झाल्यावर मंडपवाले तारांचे तुकडे आणि खिळे गवतात सोडून जातात. ते पात्याखाली आले तर पातं वाकतं. म्हणून नाना कापायच्या आधी सगळ्या लॉनवर अनवाणी फिरायचे, पाय घासत, हळूहळू, डोळे समोर ठेवून. खाली बघितलं तर सापडत नाही, पायाला सापडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. लॉनवर अनवाणी फिरणारे नाना मला आजही सकाळच्या उन्हात दिसतात. त्या आठवणीत लाज वाटण्यासारखं काहीच नाही, म्हणून मी ती जपून वापरते.

एकच गोष्ट त्यांना पटली नाही. पुस्तकात लिहिलं होतं, फक्त स्वच्छ पेट्रोल, दुसरं काही घालायचं नाही. मी ते वाचून दाखवलं तेव्हा नाना थांबले.

“म्हंजे पेटवायला पण पेट्रोल आन चालवायला पण पेट्रोल?”

“हो नाना.”

“समदा वेळ?”

“हो. हे इंजिन रॉकेलसाठी केलेलंच नाही.”

नानांनी पुस्तक माझ्या हातातून घेऊन उलटसुलट बघितलं. मग म्हणाले, “पुस्तक लिव्हणाराच्या घरी रॉकेल नसंल.”

माय चुलीपाशी हसली. मीही हसले. आठवडाभराने मी कॉलेजहून आले तर मशीनच्या दांड्याला सलाईनची रिकामी बाटली उलटी टांगलेली. तिच्यात रेशनचं निळं रॉकेल. बारीक नळी खाली उतरून पेट्रोलच्या नळीला एका तोटीने जोडलेली. नानांनी माझ्यासमोर दोरी ओढली, मशीन पेट्रोलवर सुरू झालं, ते दांडा धरून लॉनवर फिरायला लागले, आणि मान किंचित कलती करून ऐकू लागले. मग न बघता हात खाली नेऊन तोटी फिरवली. मशीनचा आवाज जरा जाड झाला, निळसर धूर आला, पण ते चालत राहिलं. नाना माझ्याकडे बघून हसले. इतक्या वर्षांनी त्यांच्या हाताला ती तोटी मिळाली होती.

रात्री मी मायला म्हणाले, “हे बरोबर नाहीये. आत बिघडतं.” माय म्हणाली, “माझ्या स्टोचं रॉकेल घेऊन राह्यलेत, म्या काही बोलले का? मंग तू पण बोलू नको.”

नाना हे शेठजींचं पेट्रोल वाचावं म्हणून करत होते. वाचलेलं पेट्रोल ते डब्यात तसंच ठेवायचे. एकदा शेठजींनी डबा उचलून बघितला आणि म्हणाले, “क्या बात है नाना. मुंबईवाले म्हणत होते ही मशीन पेट्रोल फार पिते.” त्याच वेळी नानांनी त्यांना सांगायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण शेठजींबरोबर गेवराईचे दोन व्यापारी होते आणि शेठजी त्यांच्याकडे वळून म्हणाले, “आमच्या नानांच्या हातात इंजिन पाण्यावर चालतं.” नानांनी तोंड मिटलं. तेव्हापासून शेठजी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हेच सांगायचे, आणि त्यांची गाडी फाटकात दिसली की नाना बाटली काढून खोलीत ठेवू लागले. मला त्या काढण्याची फार लाज वाटायची. बाटली लावण्याची नाही, काढण्याची. लावताना ते इंजनवाले नाना असायचे.

मशीन हळूहळू कुरकुरू लागलं. सकाळी सुरू व्हायला वेळ लावायचं, दोरी ओढून नानांचा खांदा दुखायचा. चालताना आतून टकटक ऐकू यायची. पण नानांना दुसऱ्याच गोष्टीचा आनंद होता. ऑईल मोजायची पट्टी ते रोज काढून बघायचे आणि मला दाखवायचे. “बघ सुमे, थेंबभर ऑईल कमी न्हाई. उलटं वर चढून राह्यलंय. असं इंजन म्या आजवर बघितलं न्हाई.” मी पट्टी नाकाशी नेली. तिला रॉकेलचा वास होता. न जळलेलं रॉकेल पिस्टनच्या कडेने खाली उतरून ऑईलमध्ये मिसळत होतं, म्हणून पातळी वाढत होती. ऑईल पातळ झालं की धातूवर धातू घासणार, आणि एक दिवस इंजिन जागच्या जागी आवळणार. मी ते सगळं नानांना सांगितलं, अगदी कागदावर चित्र काढून. त्यांनी चित्र बघितलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “चांगलं काढलंयस.”

शेठजींच्या धाकट्या मुलीचं लग्न त्याच लॉनवर ठरलं. मुलाकडचे जालन्याचे, एमआयडीसीत त्यांचा बियाण्यांचा कारखाना. शेठजी मला म्हणाले होते, “पास झालीस की तुला तिथल्या लॅबमध्ये लावतो. बी उगवतं की नाही ते तपासायचं काम. भरवशाची, शिकलेली मुलगी पाहिजे त्यांना. लग्नात ओळख करून देतो.” शेठजींचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांच्या ऑफिसातल्या दिव्याखाली मी परीक्षांचा अभ्यास केला, आणि त्यांनी कधी तो दिवा मोजला नाही. हे मी इथे लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला त्यांच्याबद्दल वेगळं वाटू नये.

लग्न तोंडावर आलं आणि नाना सकाळपासून लॉन कापत होते. अर्धं झालं. मी आत वाचत होते. टकटक वाढली, मग एक किंकाळीसारखा आवाज आला आणि एकदम सगळं शांत झालं. हायवेवरचा ट्रकसुद्धा त्या क्षणी नव्हता. बाहेर आले तर नाना मशीनपुढे उकिडवे बसलेले. त्यांनी प्लग काढला, पुसला, फुंकला, भोकात पेट्रोलचा थेंब टाकला, प्लग बसवला. दोरी ओढली. दोरी आलीच नाही. दोन्ही हातांनी ओढली, तेव्हा मशीनच उचलून आलं, मशीनवर पाय देऊन ओढली, तरी दोरी हलली नाही. “थंड होऊ दे,” नाना म्हणाले. थंड झाल्यावरही दोरी आली नाही. त्यांच्यामागे गवताची रेघ स्पष्ट दिसत होती, इकडे कापलेलं, तिकडे घोट्याएवढं.

दुपारी शेठजी आले आणि त्यांनीच जालन्याहून सलीममिस्त्रींना बोलावून घेतलं. मिस्त्री जनरेटर दुरुस्त करायचे, जाडजूड, पान खाणारे, फार बोलणारे. त्यांची मोटारसायकल फाटकात दिसली तशी नानांनी बाटली आणि नळी ओढून काढली. इतक्या घाईने की थोडं रॉकेल त्यांच्या धोतरावर सांडलं. मायने बाटली-नळी पदराखाली घेतली आणि गोवऱ्यांच्या ढिगात खुपसली. दोघांपैकी कुणी एकमेकांकडे बघितलं नाही.

मिस्त्रींनी खाली घमेलं ठेवून ऑईल सोडलं. ते चहासारखं पातळ खाली आलं. त्यांनी बोट बुडवलं, वास घेतला, कापसाचा बोळा भिजवून काडी लावली. बोळा भुर्रकन पेटला.

“शेठ, ये ऑईल नै है,” मिस्त्री म्हणाले. “ये तो तुमारा रॉकेल है, थोडा ऑईल मिलाया सो. इंजन जाम हो गया, पिस्टन पकड लिया.”

शेठजी वाकून बघत राहिले. मंडपवाल्यांची माणसं खांब पुरायचं सोडून जवळ आली. गावातलेही दोघं-तिघं होते. ते पाटीलही होते, म्हशी विचारणारे.

“रॉकेल कसं येईल?” शेठजी म्हणाले. “नाना, तुम्ही टाकलं का?”

“म्या?” नाना म्हणाले. हातातला चिंधीचा बोळा ते पिळत होते. “शेठजी, इंजनात जिंदगी गेली माझी. म्या कशाला टाकीन?”

“तो क्या रॉकेल पैदल आया, चलते चलते?” मिस्त्री म्हणाले आणि मंडपवाली पोरं हसली.

“इंजनवाले नाना हायेत ते,” पाटील म्हणाले. “त्यांना शिकवतो काय तू?” पाटील नानांच्याच बाजूने बोलले होते, पण त्यांच्या तोंडून ते नाव आलं आणि नानांची मान खाली गेली. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. नानांच्या धोतरावरचा निळसर डाग मला तिथून दिसत होता. शेठजींची नजर अजून तिथे गेलेली नव्हती, पण ती खाली खालीच येत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा वडलांना खोटं बोलताना ऐकलं होतं, आणि ते त्यांना इतकं वाईट येत होतं की ऐकवत नव्हतं.

“मी टाकलं,” मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. मी पुढे काय बोलले ते मला नीट आठवत नाही. नाना नदीवर गेले होते, मला मशीन चालवून बघायचं होतं, पेट्रोलचा डबा समजून रॉकेलचा डबा घेतला, एकदा नाही, दोनदा, असं काहीतरी. एकदोनदा रॉकेल टाकून ऑईल इतकं पातळ होत नाही, हे मिस्त्रींना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं, पानाची पिंक टाकली आणि हत्यारं गोळा करायला लागले. शेठजींना मात्र काही कळलं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “बेटा, पुस्तक मी तुझ्याच हातात दिलं होतं.” मग बाकीच्यांकडे वळून, वातावरण हलकं करावं म्हणून, हसले. “बी.एस्सी. करून राह्यली आमची पोरगी. पेट्रोल कोणतं, रॉकेल कोणतं, ते तिसऱ्या वर्षाला असेल.” सगळे हसले. पाटीलही हसले.

मी नानांकडे बघितलं. मला वाटलं होतं ते आता बोलतील. खरं सांगते, मी बोलले तेव्हाच मला वाटत होतं की माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ते मला थांबवतील. त्यांनी श्वास सोडला. त्यांचे खांदे खाली आले, डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखे. मग तेही हसले, सगळ्यांबरोबर, जरा मागून. मी चहा देऊन आत आले. मला लाज वाटत होती. लोक हसले त्याची ती लाज नव्हती. आपल्या बापाला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते आपल्याला दिसलं, त्याची होती. मुलांनी आईवडलांचं सगळं बघू नये. पुढे शिक्षिका म्हणून मी शाळेत तीस वर्षं पालकसभा घेतल्या, आणि भरसभेत मुलासमोर पालकाला कधी काही विचारलं नाही. त्याचं कारण सहकाऱ्यांना कधी सांगितलं नाही.

संध्याकाळी मायने मला भाकरी वाढली आणि वर तुपाची धार धरली. तूप आमच्याकडे पाहुण्यांसाठी असायचं. मी ताट सरकवलं.

“ते काहीच बोलले नाहीत, माय.”

“बोलून काय करतील?” माय हळू आवाजात म्हणाली, कारण नाना दाराबाहेर बसले होते. “तू शिकलेली हायेस. तुला उद्या धा गोष्टी मिळतील नाव कमवायला. त्यांना ती इंजनाची तेवढीच एक हाये.” मग तूप भाकरीवर पसरत म्हणाली, “खा. थंड होऊन राह्यली.”

उरलेलं लॉन गावातल्या बायांनी विळ्यांनी कापलं, त्यात माय आणि मीही होतो. विळ्याने कापलेलं गवत मशीनसारखं सारखं येत नाही. लग्नाच्या दिवशी दिव्यांच्या झगमगाटात ती रेघ दिसत होती, एका बाजूला गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला खालीवर, आणि त्या रेघेवरून शालू नेसलेल्या बायका ये-जा करत होत्या. शेठजींनी शब्द पाळला. मला बोलावून मुलाच्या वडलांपुढे उभं केलं. मी मायने दिलेली हिरवी साडी नेसले होते. ते गृहस्थ चांगले होते, त्यांनी नाव विचारलं, विषय विचारला. शेजारी बसलेले कुणीतरी म्हणाले, “हीच का ती रॉकेलवाली?” मुलाचे वडील हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “बियाण्यात नको हं काही ओतू.” शेठजीही ओशाळं हसले. लॅबचं त्यानंतर कुणी काढलं नाही, आणि मीही विचारायला गेले नाही. मी पदवीधर झाले, घराण्यातली पहिली. नंतर बी.एड. केलं आणि शाळेत लागले. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

शेठजींनी नवं मशीन आणलं. नाना त्यात फक्त पेट्रोल घालत. मशीन तापलं की तोटी शोधणारा त्यांचा हात मात्र बराच काळ आपोआप खाली जायचा आणि रिकामा वर यायचा.

माझ्या रॉकेलची गोष्ट हायवेच्या दोन्ही बाजूंनी पसरली. ती सगळ्यात जास्त सांगितली नानांनीच. पहिल्यांदा मी ऐकली तेव्हा मला वाटलं, कुणी विचारलं म्हणून नाइलाजाने सांगत असतील. पण माझ्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी ती माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना आपणहून सांगितली, आवाज काढून, हातवारे करून. त्यांना ती छान सांगता यायची. दर वेळी त्यात थोडी भर पडायची. नाना नदीवर का गेले होते, डबा कुठे ठेवला होता, परत आल्यावर धुराच्या रंगावरूनच त्यांनी कसं ओळखलं. माय जिवंत होती तोपर्यंत ती या वेळी उठून आत जायची. मी बसून राहायचे आणि लोक माझ्याकडे बघून हसले की हसायचे. रागही यायचा. एकदा खोलीत एकटी असताना मी खरं काय ते मोठ्याने बोलून बघितलं, फक्त ऐकायला कसं लागतं म्हणून. ते चुगलीसारखं लागलं.

नाना आता माझ्याकडेच असतात. कमी ऐकू येतं, पण गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या इंजिनाबद्दल मत देतात. गेल्या महिन्यात माझ्या शाळेतले एक तरुण सर घरी आले होते. सोसायटीच्या बागेत माळ्याचं गवताचं यंत्र बंद पडलं होतं, ते बघून सरांनी सहज काहीतरी विचारलं, आणि नाना सुरू झाले. शेठजी, लाल मशीन, मिस्त्रींचा पेटलेला बोळा, माझा चहाचा ट्रे. सर मनापासून हसत होते. मी चहा गाळत होते. गोष्ट संपली, पण नाना नेहमी थांबतात तिथे थांबले नाहीत. माझ्याकडे वळून बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत आता पडदा आहे, त्यातून काय दिसतं ते मला सांगता येत नाही.

“सुमे,” ते म्हणाले, “टाकायच्या आधी मला इचारायचं होतंस, बाई. म्या सांगितलं असतं तुला. त्या इंजनाला रॉकेल बिलकुल चालत न्हाई.”

सर माझ्याकडे बघत होते. मी कप त्यांच्यापुढे ठेवला.

“हो नाना,” मी म्हणाले. “चुकलं माझं.”

नानांनी हात वर करून माझ्या मनगटावर ठेवला.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “ल्हान होतीस तू.”